पिशवी सुटली की ये

आईने ती पिशवी पहिल्यांदा धुऊन वाळत घातली तेव्हा कुणाला दिसू नये म्हणून तिच्यावर बाबांचा सदरा टाकला. सदरा तासाभरात वाळला आणि पिशवी ओलीच राहिली. काळं जाड रबर, त्याला सायकलच्या ट्यूबसारखा वास आणि मधोमध एक कडक चकती. ती चकती पोटावर उजव्या बाजूला चिकटवायची आणि वरून कमरेला पट्टा आवळायचा. अशा दोन पिशव्या माझ्याकडे होत्या, एक अंगावर आणि एक दोरीवर. सव्विसाव्या वर्षी माझं सगळं आयुष्य या दोघींच्या पाळीवर चाललं होतं.

काय झालं होतं ते आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारत नाहीत आणि मग मनाने भलतंच काहीतरी धरून चालतात. लग्नानंतर वर्षभरात मला रक्ताची आव सुरू झाली ती चार वर्षं थांबली नाही. मोठं आतडं आतून सगळं सोललं गेलं होतं. शेवटी मुंबईच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी ते पूर्ण काढलं, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि लहान आतड्याचं टोक पोटावर आणून बसवलं. रुपयाएवढं, लालभडक. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणायचे, मी ‘तोंड’ म्हणायचे. त्या तोंडाला काळवेळ नव्हता. जेवताना, झोपेत, देवापुढे हात जोडलेले असताना, त्याचं आपलं चालूच. म्हणून पिशवी, आणि तीही जन्मभर. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं, तेव्हा आपल्याकडे असं काही अंगावर घेऊन जगणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नव्हतं.

माझं सासर लालबागच्या चाळीत. एक खोली, पाच माणसं, मजल्याच्या टोकाला दोन संडास आणि सकाळी डबे घेऊन उभी असलेली रांग. पिशवी दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करायची आणि धुवायची, आणि नळाला पाणी सकाळी तेवढं दोन तास. हे तिथे जमणार नाही हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. इस्पितळातून सुटले त्या दिवशी सासूबाईंनी माझी ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘पिशवी सुटली की ये हो. घर तुझंच आहे.’ त्यांना वाटत होतं की हाताचं प्लास्टर सुटतं तशी ही पिशवीही एक दिवस सुटेल. माझा नवरा, म्हणजे आमचे हे, तिथेच उभे होते. त्यांना खरं माहीत होतं, मलाही होतं. दोघंही काही बोललो नाही. मी टॅक्सीत बसले आणि माहेरी भाईंदरला आले.

माहेर म्हणजे मिठागराच्या बांधाला लागून असलेल्या कामगारांच्या खोल्यांपैकी एक खोली. बाबा रत्नागिरीकडून तरुणपणी इथे आले आणि मुकादम झाले. ज्यांनी मिठागर पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथे लपायला जागा नसते. डोळा पोचेल तिथवर सपाट वाफे, मधून बांध, बांधांवर मिठाच्या राशी. माणूस अर्ध्या मैलावरून दिसतो आणि कोण आहे ते चालीवरून कळतं. पट्ट्यामुळे मी जराशी उजवीकडे झुकून चालायचे, त्यामुळे मी तर लगेच ओळखू यायचे. बाबांनी खोलीमागे झावळ्यांची एक आडोशाची खोली बांधून दिली, आत दोन फरशा, एक बादली, एक पिंप. माझं जग त्या झावळ्या आणि स्वयंपाकाची चूल यांच्यामध्ये, वीस पावलांचं. आता त्या वाफ्यांवर इमारती उभ्या आहेत, लोक दारं लावून घेतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. मला तेव्हा त्यातली एक खोली हवी होती.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. मीठ जखम भरू देत नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हती, मिठागरात राबणाऱ्या प्रत्येकाच्या पायावर ती दिसायची. टाचेला भेग पडली, बोटांत चीर गेली की हंगाम संपेपर्यंत ती उघडीच. बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम माझ्याच वयाची असावी. तेव्हा माझ्या पोटावरचं ते लाल, ओलं, कधीच न सुकणारं तोंड आणि त्याच्याभोवती रबराने सोलवटलेली कातडी बघून आईने पहिल्याच दिवशी ठरवलं, हिला मीठ बंद. डॉक्टर म्हणाले होते, सगळं खायला द्या. आईच्या मते मीठ काही ‘सगळ्या’त येत नव्हतं, ते तर नुसतं चवीपुरतं.

अळणी भात, अळणी वरण, अळणी ताक. दारात मिठाचे डोंगर आणि माझ्या ताटाच्या कोपऱ्यात मिठाची जागा तेवढी पुसून ठेवलेली. वारा सुटला की ओठांवर खारट बसायचं ते मी चोरून चाटायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे, उठून उभी राहिले की अंधारी यायची. सगळे म्हणायचे, मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा असायचाच. आई आणखी काळजीने आणखी अळणी करायची.

हे दर रविवारी यायचे. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचे, बोटं कायम काळी. येताना खारी बिस्किटं आणायचे, ती आई त्यांनाच चहाबरोबर द्यायची. बाहेरच्या बाकावर बसून ते मिठाच्या राशींकडे बघत राहायचे आणि निघायच्या आधी न चुकता विचारायचे, ‘मग? डॉक्टर काय म्हणतात? काही मार्ग आहे का?’ त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्यांच्यावर रागवता आलं असतं आणि माझे रविवार जरा सोपे गेले असते.

मार्ग दाखवला तो जवळच्या मुर्धा गावच्या मावशीने. ती कोळीण, पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, दिवसाआड आमच्याकडे मासळी घेऊन यायची. एकदा वाऱ्याने बाबांचा सदरा उडाला आणि दोरीवरची पिशवी तिच्या नजरेला पडली.

‘ही कसली गो पिशवी?’

‘गरम पाण्याची,’ आई म्हणाली. ‘हिचं पोट शेकायला.’

‘गरम पान्याचे पिशवीला पट्टा कशाला?’

आई सदरा उचलायला वाकली. मावशीने पाटी खाली ठेवली, इकडे तिकडे पाहिलं, सरळ आत आली आणि लुगडं सैल करून पोट दाखवलं. डाव्या बाजूला माझ्यासारखंच एक तोंड. त्यावर घडी घातलेलं पांढरं फडकं. पिशवी नव्हतीच.

‘मना गाठ झालती,’ ती म्हणाली, ‘मागून. डाक्टरनं सगला शिवून टाकला.’

‘पिशवी नाही लावत?’ मी विचारलं.

‘न्हाय गो. एक दिस आड सकालचे एनिम्याचा डबा टांगते, त्या तोंडान पानी घालते, तासभर बसते. सगला निघून जातो. मंग दोन दिस काय न्हाय. फडका लावते नि बाजारात जाते. माझे शेजारनीला पन ठावं न्हाय.’

मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाटीसमोरच रडायला लागले. मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला बोंबलाचा वास होता आणि त्या दिवशी तो मला चंदनाहून बरा वाटला. तासभर पाणी घालायचं आणि दोन दिवस मोकळं! लालबागला पहाटे रांग लागायच्या आधी उठले असते, कुणाला पत्ताही लागला नसता. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानातून आईने एनिमाचा डबा आणला. बाबांना सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं, कारण ते म्हणाले असते, आधी डॉक्टरांना विचारू. आणि मला विचारायचं नव्हतं. मला फक्त ‘हो’ ऐकायचं होतं आणि ते मावशीने म्हटलेलं होतं.

झावळ्यांच्या खोलीत खिळ्याला डबा टांगला, कोमट पाणी घातलं, तासभर बसले. सगळं बाहेर आलं आणि थांबलं. फडकं लावलं, वरून लुगड्याची पट्टी घट्ट बांधली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पट्ट्याशिवाय बांधावर चालायला गेले. सरळ चालले. समोरून येणाऱ्या एका कामगाराने मला आधी ओळखलंच नाही, याचा मला कोण अभिमान वाटला. परतताना निम्म्या वाटेवर मांडीवरून काहीतरी गरम खाली ओघळलं. घरी पोचेपर्यंत पाय घोट्यापर्यंत भरले होते. तो कामगार मागे वळून बघत उभा होता.

मला वाटलं, पाणी कमी पडलं. दुसऱ्या दिवशी जास्त घातलं, तिसऱ्या दिवशी दोनदा. मावशीला जमतं आणि मला जमत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे, असं मी धरून चालले होते. चौथ्या दिवशी पाणी थांबेचना. आधी पोटऱ्या वळल्या, मग हाताची बोटं आत वळून घट्ट झाली, आईने ती सोडवायचा प्रयत्न केला तर सुटेनात. डोळ्यांपुढे सगळं पांढरं. ते मीठ होतं की मूर्च्छा, मला कळत नव्हतं. बाबांनी मला उचललं. बांधावर तेव्हा एकच गाडी उभी होती, मीठ भरून निघालेला ट्रक. त्याच ट्रकात, मागे टनावारी मीठ घेऊन, मी मीठ नाही म्हणून मरायला टेकलेली, अशी मुंबईला पोचले.

सलाइनच्या बाटल्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी मी उठून बसले, इतकं ते सोपं होतं. ऑपरेशन करणारे तेच डॉक्टर आले. उंच, घाईचे, पण ऐकताना मात्र थांबून ऐकणारे.

‘जेवणात मीठ किती असतं हिच्या?’

‘मीठ बंद आहे साहेब,’ बाबा म्हणाले. अगदी अभिमानाने. ‘चार महिने चिमूटभरसुद्धा दिलं नाही.’

‘का?’

‘जखम भरावी म्हणून.’

‘तुम्ही काय काम करता?’

‘मिठागरात मुकादम आहे.’

डॉक्टर मोठ्याने हसले. परिचारिका वळून बघायला लागल्या. मग त्यांचं हसू गेलं आणि ते भडकले. माझ्या लहान आतड्यातून जे रात्रंदिवस वाहून जातं त्याबरोबर अंगातलं मीठ जातं, ते परत पोटात गेलं नाही तर माणूस जगत नाही, दुसऱ्यांना कमी सांगतात तेवढं हिला जास्त द्यायचं, असं त्यांनी बाबांना झाडून सांगितलं. पोटावरचं ते तोंड म्हणजे जखम नाहीच, ते तसंच असतं. बाबा आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले. आईला हे कसं सांगायचं, एवढंच ते नंतर मला म्हणाले.

एनिमाच्या डब्याचं मी स्वतःच कबूल केलं. डॉक्टर या वेळी रागावले नाहीत. म्हणाले, त्या बाईचं मोठं आतडं जागेवर आहे, ते मळ साठवून धरतं, म्हणून धुतलं की दोन दिवस निवांत. तुमच्याकडे साठवणारं काही उरलेलंच नाही. लहान आतडं म्हणजे वाहतं पाणी. ते धुऊन थांबत नाही. मावशीचा मार्ग मावशीचाच होता. माझ्या मनात बांधून ठेवलेलं सामान मी तिथल्या तिथे सोडलं.

संध्याकाळी हे छापखान्यातून थेट आले आणि त्यांनी डॉक्टरांना गाठलंच. ‘म्हणजे पिशवी सुटायचा काही उपायच नाही?’

डॉक्टर जरा घुटमळले. मग माझ्या खाटेशी बसून, माझ्याच तापाच्या तक्त्यामागे त्यांनी पेन्सिलीने चित्र काढलं. परदेशात नवीनच ऑपरेशन निघालं होतं, ते स्वतः तिथे शिकून आले होते आणि इथे त्यांनी मोजकीच केली होती. लहान आतड्याचाच हातभर तुकडा घेऊन पोटाच्या आत एक पिशवी शिवायची. तिच्या तोंडाशी आतडं आतल्या आत दुमडून झडप करायची. आतली पिशवी भरत गेली की तिचाच दाब झडपेवर पडतो आणि ती आणखी घट्ट मिटते. दिवसातून चार वेळा पोटावरच्या तोंडातून नळी घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी धुऊन डबीत ठेवायची. बाहेर काही नाही, फक्त एक फडकं. नळी तर साबणाच्या डबीत मावेल.

ह्यांचे डोळे चमकले. माझेही चमकले असणार.

बाबा चित्राकडे बघत होते. ‘उघाडीसारखं आहे हे,’ ते म्हणाले. डॉक्टरांना उघाडी माहीत नव्हती. बाबांनी समजावून सांगितलं. खाडीच्या बांधात एक चौकट बसवलेली असते, तिच्यात लाकडी दार, फक्त वरून अडकवलेलं. एका बाजूला पाणी चढलं की ते दार आपोआप दाबून मिटतं, पाणी जितकं जास्त तितकं घट्ट. कुणी हात लावायला नको. बाबांनी तीस वर्षं उघाड्या सांभाळल्या होत्या.

‘अगदी बरोबर,’ डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

‘दार कधी मोडत नाही साहेब,’ बाबा म्हणाले. ‘चौकट सरकते. खालची माती मऊ असते ना. चौकट सरकली की दार कितीही चांगलं असो, पाणी बाजूने निघतं. ह्याची चौकट कशात बसवलेली आहे?’

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. मी आपला विचारतोय.’

‘ती सरकते,’ डॉक्टर म्हणाले. ‘सगळ्यांची नाही, पण सरकते. दुमडलेलं आतडं हळूहळू उलगडतं. मग नळी आत जात नाही, नाहीतर मळ बाजूने गळतो. मग पुन्हा पोट उघडायचं. झडप परत बसली तर बसली, नाहीतर ती पिशवी काढून टाकायची, म्हणजे ते हातभर आतडं कायमचं गेलं.’ पावसाळा संपेपर्यंत विचार करा, असं सांगून ते उठले. जाताना ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मला आठवतंय, कारण ह्यांना ते आवडलं नव्हतं.

तो पावसाळा मी घरात काढला. मिठागर बंद, वाफे पाण्याखाली, बांधांवर चिखल. जायचं म्हटलं तरी कुठे जाता येत नव्हतं. ताटात मीठ परत आलं होतं. आई आता मला मुठीने मीठ घालायची आणि प्रत्येक वेळी तोंड फिरवून डोळे पुसायची. चकतीखाली लावायला डॉक्टरांनी दिलेल्या डिंकाच्या पुडीने कातडी भरून आली, पिशवी गळायची थांबली. पोटऱ्यांतले गोळे गेले. पाय चालायला लागले आणि त्यामुळेच कोंडल्यासारखं जास्त वाटायला लागलं. आजारी होते तोवर वीस पावलं पुरत होती.

मी रोज तोलून बघायचे. पिशवी ठेवली तर जगेन, पण इथेच, झावळ्यांच्या आडोशाला, आईबाप आहेत तोवर. ऑपरेशन केलं तर साबणाची डबी घेऊन लालबागच्या रांगेत चारचौघींसारखी उभी राहीन. टेबलावरच मेले तर प्रश्न मिटला. झडप सरकली तर परत पोट फाडायचं, परत हातभर आतडं. माझ्याकडे अशी हातभर आतडी किती होती? डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. कधी सकाळी वाटायचं, मरू दे, करून टाकू. दुपारी पिशवी नीट बसलेली असायची, पोटभर जेवलेली असायचे, आणि मग त्या सुरीची भीती वाटायची. मला पिशवी नको होती. एवढं एकच मला नक्की माहीत होतं.

घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. बाबांनी एकदा उघडीप पडली तेव्हा मला बांधावर नेलं आणि जुन्या उघाडीची चौकट दाखवली. तिच्या कडेने पाणी झिरपत होतं. ‘दोन-तीन पावसाळे गेले की हिला परत बसवावी लागते,’ ते म्हणाले. ‘पण हे आपलं लाकूड आहे.’ पुढे काही बोलले नाहीत. हे रविवारी आले की साबणाची डबी किती सोयीची ते सांगायचे. एकाच्या गप्प बसण्यात ‘नको’ होतं, दुसऱ्याच्या बोलण्यात ‘कर’ होतं आणि दोघांना माझं भलंच हवं होतं. माझा जीव मात्र घुसमटत होता.

पाऊस उघडला आणि हे इस्पितळाचा कागद घेऊन आले. ऑपरेशनला संमती. खाली एक सही माझी, एक नवऱ्याची. त्यांनी आपली करून आणली होती, स्वच्छ, खिळ्यांनी जुळवल्यासारखी. आई-बाबा मुद्दाम बाहेर जाऊन बसले. मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, मी सही करणार होते.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘आणि सरकली तर?’

ह्यांनी नीट विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ‘तर काय,’ ते म्हणाले, ‘इथे आहेच की तुझं. इथे तुझी सगळी सोय आहे. मी येत जाईनच रविवारी.’

त्यांना वाटलं, त्यांनी मला धीर दिला. त्यांच्या चेहऱ्यावर तशी मायाही होती. मी पेन खाली ठेवलं. लालबागच्या त्या खोलीतली माझी जागा माझ्या पोटातल्या एका दुमडलेल्या आतड्यावर टिकून राहणार होती. मी रोज झोपताना आणि उठताना ते चाचपून बघणार होते. अंगावरच्या पिशवीला निदान मी घाबरत नव्हते. मी कागद घडी घालून परत दिला.

‘का?’ ह्यांनी विचारलं.

तिथे मी खरं बोलायला हवं होतं. तुमच्या एका वाक्यामुळे, असं म्हणायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. हे इतके दिवस धावपळ करत होते, त्या काळ्या बोटांनी त्यांनी इतक्या काळजीने सही केली होती. मी म्हटलं, ‘बाबा म्हणतात तेच खरं. खालची माती मऊ आहे.’

बाबांनी बाहेरून ते ऐकलं.

हे पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला आणि गणपतीला. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. केलं असतं तर लोकांना नीट सांगता तरी आलं असतं की काय झालं. मी मिठागरातल्या बायकांची लुगडी-पोलकी शिवायला लागले, बसून करायचं काम. मावशी मुर्ध्याहून येत राहिली आणि मला बाजारात चल म्हणत राहिली. दोनदा गेलेही. बाबा मात्र मी कागद परत दिला त्या दिवसापासून खचले. जेवता जेवता मध्येच म्हणायचे, ‘मी तिथे तोंड उघडायला नको होतं गं. आज तू तुझ्या घरी असतीस.’ मी म्हणायचे, तसं काही नाही बाबा. ते ऐकायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. खरं काय ते त्यांना सांगितलं असतं तर ते जावयाला काय काय बोलले असते, या भीतीने मी गप्प बसत होते, आणि माझ्या गप्प बसण्याने ते झिजत होते.

पाच-सहा वर्षं अशी गेली. दर वर्षी तपासणीला इस्पितळात जायचे, बाबा बरोबर यायचे. तिथल्या बाकावर एकदा माझ्याशेजारी माझ्याच वयाची एक बाई येऊन बसली. चापूनचोपून नेसलेली साडी, पोट सपाट, ताठ बसलेली. बोलता बोलता कळलं, तिचं ते आतल्या पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. याच डॉक्टरांनी केलेलं. मी ज्या वर्षी नाही म्हटलं, त्याच वर्षी.

‘झडप सरकली का कधी?’ मी विचारलं.

‘छे हो,’ ती म्हणाली. ‘मी तर विसरूनच जाते, आहे म्हणून.’ आणि तिने पर्समधून नळीची डबी काढून दाखवली. साबणाचीच होती.

मला तिचा इतका राग आला की मी उठून उभी राहिले. तिने माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. तरीही आला. बाहेर बाबा माझ्यासाठी मीठ-लिंबाचं सरबत घेऊन उभे होते. म्हातारे दिसत होते. ‘कोण गं ती?’ त्यांनी विचारलं. ‘काय म्हणत होती?’

‘तिने ते ऑपरेशन केलं होतं बाबा,’ मी म्हटलं. ‘दोनदा सरकली तिची. आता परत पिशवीच लावते.’

बाबा तिथेच पायरीवर बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला बघवेना. घरी पोचल्यावर त्यांनी ते आईला सांगितलं, मावशी आली तेव्हा मावशीला सांगितलं, आणि त्या दिवाळीला हे आले तेव्हा ह्यांनाही सांगितलं. ‘जावईबापू, त्या बाईची दोनदा सरकली म्हणे.’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फराळाचं ताट घेऊन दारात उभी होते.

‘खरंच?’ त्यांनी मला विचारलं.

‘खरंच,’ मी म्हटलं.

‘मग बरं झालं बाई तू ऐकलं नाहीस माझं,’ हे म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघंही भिंतीला पाठ टेकून आरामात बसले होते, सासरा आणि जावई, शेजारी शेजारी. त्यानंतर त्या दोघांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मलाही तो कधी काढता आला नाही.